तात्यांच्या खिडकीतली बाई

आमच्या घरमालकांच्या घराला सात खिडक्या होत्या आणि त्यातल्या एकीतूनही बाहेरचं काही दिसत नसे.

पन्नास-पंचावन्न सालातली ही गोष्ट. इंदापूरच्या मुलींच्या शाळेत मला नोकरी लागली होती आणि आईला बरोबर घेऊन मी बिऱ्हाडासाठी जागा शोधत हिंडत होते. बिनलग्नाची मास्तरीण आणि तिची विधवा आई असं बिऱ्हाड ठेवून घ्यायला गावात कुणी फारसं राजी नव्हतं. हिंडता हिंडता सोलापूर रस्त्याच्या कडेला एका घराच्या पायरीवर एक उंच, वाळके, म्हातारे गृहस्थ दिसले. एक डोळा मिटून आणि दुसऱ्यापुढे काचेचा तुकडा धरून ते सूर्याकडे बघत उभे होते. त्यांच्या दोन्ही हातांची बोटं जांभळी होती. आई माझ्या कानाशी लागून म्हणाली, “चल इथून. लागण व्हायची.”

मी तरीही जागेचं विचारलं.

“जागा हाय की,” काच खाली न घेता ते म्हणाले. “खिडक्या उघडायच्या न्हाईत. पुसायच्या न्हाईत. कबूल आसंल तर सामान आना.”

“आणि वारा?” आईने विचारलं.

“त्यो दारातनं येतो.”

“मग खिडकी कशाला ठेवलीय?”

“रंगाला,” ते म्हणाले आणि आईने जणू ‘चूल कशाला असते’ असं विचारल्यासारखं तिच्याकडे बघत राहिले.

दुसरी जागा मिळत नव्हती. आम्ही सामान आणलं.

सगळं गाव त्यांना तात्या म्हणे. मूळचे लोणी भापकरचे. पोरवयात घरातून पळून पुण्याला गेले, तिथे कॅम्पातल्या एका दवाखान्यात बाटल्या धुवायला लागले आणि बाटल्या धुता धुता कंपाउंडर झाले. मग इंदापुरातल्या एका डॉक्टरांकडे तीस वर्षं औषधं बांधली. आम्ही गेलो तेव्हा ते घरी बसलेले होते. बायको दोन वर्षांपूर्वी वारली होती, मूलबाळ नव्हतं. घरी बसले होते म्हणजे तसे ते क्षणभरही बसत नसत. घरातल्या खिडक्यांच्या काचा रंगवणं हा त्यांचा उद्योग होता आणि तो उद्योग सकाळी चहापासून दिवेलागणीपर्यंत चाले.

हे खूळ डोक्यात कसं शिरलं तेही त्यांनी मला एकदा सांगितलं. कॅम्पात असताना त्यांना औषधाची बाटली घेऊन चर्चमधल्या पाद्रीबाबांकडे पाठवलं होतं. “पोरगा व्हतो बाई मी. आत गेलो तर हातावर लाल औषध सांडल्यालं. मी हात धोतराला पुसला. पुन्ना बघतोय तर लालच. पुन्ना पुसला. मग वर बघितलं तर ही एवडी खिडकी, आन् तिच्यातनं रंग खाली पडतोय. औषध नव्हतंच. उजेड व्हता.” एवढं सांगून ते आपल्या जांभळ्या हातांकडे बघत बसले. पन्नास वर्षांपूर्वी न पुसला गेलेला तो रंग आता त्यांनी स्वतः लावून घेतला होता.

त्यांची रंगवायची रीत सांगण्यासारखी आहे, कारण तशी दुसऱ्या कुणाची असणं शक्य नाही. खिडकीची काच काढून पाटावर आडवी ठेवायची. सुतार लोक कपाटांना लावतात तो चपडा स्पिरिटमध्ये विरघळवायचा. त्यात काजळी घोटून ती इंजेक्शनच्या काचेच्या पिचकारीत भरायची, तिला गुरांच्या दवाखान्यातून आणलेली जाड सुई लावायची आणि काचेवर काळ्या रेघांनी चित्र काढायचं. रेघा वाळून उंच झाल्या की त्यांच्या मधल्या जागेत रंग ओतायचे. रंगसुद्धा दवाखान्यातलेच. जखमेवर लावायचं लाल औषध, तोंड आल्यावर लावायचं जांभळं औषध, भाजल्यावर लावायचं पिवळं औषध. पिवळ्यात निळीचा थेंब टाकून ते हिरवं करत. काच डगडगली तर रंग रेघ ओलांडून शेजारी जाई, म्हणून तात्यांचं काम चालू असताना घरात कुणी पाय आपटून चालायचं नाही असा दंडक होता. आईला ठसका लागला तर ती अंगणात पळत जाई.

ह्या रीतीचा एक तोटा असा की औषध मागायला आलेल्या माणसाला तात्या हातात असेल ते लावत. कंपाउंडर घरी बसला म्हणून गाव त्याला थोडंच सोडतं! एकदा बाजारातला एक हमाल गुडघा फोडून घेऊन आला. तात्यांनी काचेवरून नजर न काढता कुंचला त्याच्या गुडघ्यावर फिरवला. औषधात चपडा होता. हमालाचा गुडघा तासाभरात कपाटाच्या दारासारखा चकाकायला लागला आणि वाकेनासा झाला. आठ दिवस तो एक पाय ताठ ठेवून पोती वाहत होता. नवव्या दिवशी कवच गळून पडलं आणि खाली जखम साफ भरलेली. त्यानंतर गावातले दोनतीन जण “ते चकाकनारं औषध लावा” म्हणून आले, तेव्हा तात्यांनी त्यांना हाकलून दिलं.

बोलायचे ते सगळं औषधाच्या मापात. आई माझ्यावर रागावली की मला बाजूला घेऊन सांगत, “आईंचा राग उपाशीपोटी जास्त चढतो. आदी जेवू द्या, मग बोला.” शाळेतल्या हेडबाईंविषयी मी तक्रार केली की म्हणत, “रोज एक चमचा ऐकून घ्यायचं. दोन घेतले तर तुमी आजारी, एकबी न्हाय घेतला तर त्या.” माझ्या पुढच्या सगळ्या नोकऱ्या मी ह्या एका चिठ्ठीवर निभावल्या.

आणि एका बाबतीत ते फार कडक होते. डॉक्टरांकडे असताना, ज्याला काही झालेलं नाही पण औषध घेतल्याशिवाय ज्याचं समाधान होत नाही अशा रोग्याला रंगीत पाणी द्यायची चाल होती. तात्या ते बांधून देत नसत. “पान्यात रंग घालून द्यायला मी काय शिमग्याला बसलोय?” असं त्यांनी डॉक्टरांनाच ऐकवलं होतं. अंगारेधुपारे करणाऱ्यांशी तर त्यांचं उभं वैर. “राखंनं ताप उतरला आसता तर चुलीपुडं बसनाऱ्या बायका कदी आजारीच पडल्या नसत्या,” हे त्यांचं वाक्य मी निदान शंभर वेळा ऐकलं असेल.

आमच्या वाट्याला आलेल्या दोन खिडक्यांनी आमचं काय केलं ते ऐका. आईच्या स्वयंपाकघरात जांभळी कमळं होती. त्या उजेडात तांदूळ जांभळा, खडा जांभळा आणि तांदळातली अळीही जांभळी. आई सूप घेऊन घरभर उजेड शोधत हिंडे आणि शेवटी रस्त्याच्या कडेला बसून तांदूळ निवडी. माझ्या खोलीत लाल पोपट होते. पहिल्याच आठवड्यात मी खिडकीपाशी बसून चाळीस वह्या लाल शाईने तपासल्या. लाल उजेडात लाल शाई दिसेना. मला वाटलं दौत बिघडली, म्हणून एकेका चुकीवर तीनतीनदा रेघा ओढल्या. दुसऱ्या दिवशी वर्गात वह्या उघडल्या तर पानं रक्तबंबाळ. दोन मुली रडायला लागल्या आणि एकीचे वडील शाळेत आले. तात्यांना सांगितलं तर म्हणाले, “मग त्या खिडकीत बसून तपासत जावा की. पोरींच्या चुका दिसायच्याच न्हाईत. पोरीबी खूश, तुमीबी खूश.”

काच मिळे बारामतीला. ती आणायला तात्या महिन्यातून एकदा एस.टी.ने जात आणि परत येताना काच गोधडीत गुंडाळून मांडीवर घेऊन बसत. ती फुटून फुटून तिसऱ्या खेपेला घरी पोचे. एकदा मीही बारामतीहून त्याच गाडीत होते. अंथुर्ण्याला एक बाई वांग्यांची पाटी घेऊन चढली आणि तात्यांच्या मांडीवरची गोधडी बघून तिला वाटलं, आत लेकरू झोपलंय. “आगाई, किती वेळचं निपचित पडलंय! जरा वारा तरी लागू द्या,” असं म्हणत तिने गोधडीचं टोक उचललं. आत स्वतःचंच तोंड दिसल्यावर ती अशी किंचाळली की तिच्या हातातली पाटी सुटून थेट काचेवर. तात्यांनी तुकडे गोळा केले, गोधडीत बांधले आणि पुढच्या थांब्यावर उतरून दुसऱ्या बाजूने येणाऱ्या गाडीने पुन्हा बारामतीला गेले.

सहा खिडक्या अशा झाल्या. मोर होता, त्याला सगळे कोंबडी समजत. उसाचं बेट होतं, खलबत्ता होता. पण तो सगळा नुसता सराव होता हे मला उशिरा कळलं. त्यांचं खरं काम सातवी खिडकी हे होतं.

ही रस्त्यावरची, मावळतीला तोंड केलेली मोठी खिडकी. तिची काच तात्यांनी महिनाभर पाटावर ठेवली होती आणि जवळ कुणाला येऊ देत नव्हते. एक दिवस त्यांनीच मला हाक मारली. काचेवर हिरव्या लुगड्यातली एक बाई होती. उंबऱ्यात उभी, उजवा हात वर उचललेला, सभोवती पिवळं ऊन. चेहऱ्याची जागा मात्र कोरी. ती पात्याने खरवडून खरवडून धुरकट झाली होती.

“बाई, तुमी शिकलेल्या हाय. म्हून तुमाला सांगतो. कुनाला बोलू नका,” तात्या म्हणाले. “ही आमच्या घरातली.”

म्हणजे त्यांची बायको. त्या वेळी नवरे बायकोला असंच म्हणत. दुपारी दवाखान्यातून तात्यांच्या यायच्या वेळेला ती उन्हासाठी कपाळावर हात धरून दारात उभी राही, ते चित्र होतं. तिचा फोटो नव्हता. दवाखान्यातल्या मंडळींचा एकच काढला होता, त्यात तिला नेमकी शिंक आली आणि चेहऱ्याच्या जागी पांढरा ढग उमटला. तात्यांना तिचा पदर आठवत होता, हात आठवत होते, पायातली जोडवी आठवत होती. तोंड आठवत नव्हतं.

“चाळीस वरसं रोज म्होरं बसून वाढलं तिनं,” ते म्हणाले, “आन् मी ताटाकडं बघून जेवलो.”

मला त्यांचा राग आला. खरंच आला. आणि लगेच त्यांची कीवही आली, कारण तो म्हातारा माणूस हातात पातं घेऊन त्या कोऱ्या जागेकडे एखाद्या नापास मुलासारखा बघत होता. कुणाला विचारा ना, मी म्हटलं. ते दचकले. म्हाताऱ्याने मेलेल्या बायकोचं चित्र काढलं, ही गोष्ट आळीत फुटली तर लोक हसतील, ह्याची त्यांना तापापेक्षा जास्त भीती होती.

मग ते आडून आडून विचारायला लागले. शेजारी आत्याबाई राहत. सत्तरी उलटलेल्या, पण नवरा अजून खाटेवरून शिव्या देण्याइतका धडधाकट, म्हणून सवाष्ण. त्यांना तात्यांनी विचारलं, “एकाद्या बाईला हनुवटीवर तीळ आसला, तर त्यो डाव्या बाजूला शोभतो का उजव्या?” कासाराला विचारलं, मध्यम हाडाच्या बाईला बांगडी केवढी बसते. समोरच्या पिठाच्या गिरणीचे आबा दळण टाकत होते, तिथे जाऊन म्हणाले, “पूर्वी हितं एक बाई दळान घिऊन यायची. तिचं नाक कसं व्हतं?”

“कोन बाई?” आबांनी विचारलं.

“कोन न्हाय. नाक सांगा.”

असं करत करत तोंड जमलं. मी तिला पाहिलेलं नव्हतं, त्यामुळे कितपत जमलं हे मला सांगता येत नाही. तात्यांनी एके सकाळी पिचकारी खाली ठेवली आणि म्हणाले, “हीच.” चोरीची भीती म्हणून गवंडी बोलावून ती काच त्यांनी भिंतीतच चुन्याने पक्की बसवून घेतली. गवंडी म्हणाला, “तात्या, आता ही निगायची न्हाय. काडायला गेलं की तडकनार.” तात्या म्हणाले, “काडायची कुनाला हाय?”

एकच चूक राहिली होती. कपाळावर धरलेला हात थोडा वर गेला होता आणि तळवा बाहेरच्या बाजूला वळला होता. मी म्हटलं, “तात्या, हात जरा खाली घ्या.” ते म्हणाले, “चपडा वाळला, बाई. आता ती आशीच बगंल.”

त्या हाताने सगळा घोटाळा केला.

रंगवलेली काच दिवसा बाहेरून काळी दिसते. पण संध्याकाळी आत कंदील लावला की तीच बाहेरून झळाळते. तात्या दिवेलागणीला खिडकीमागे कंदील ठेवत. बरोबर दिवेलागणीला, जेव्हा माणसाचे हात आपसूक जोडले जातात. एक दिवस एक मालट्रक आमच्या दारापुढे बंद पडला. ड्रायव्हरने वर बघितलं, तर हिरव्या लुगड्यातली, मागे सोनेरी प्रभा असलेली, उजवा हात वर करून आशीर्वाद देणारी आई! त्याने हात जोडले, ट्रकमध्ये बसला आणि ट्रक सुरू झाला. क्लीनरने तोवर इंजिनात पाणी ओतलं होतं, पण हे क्लीनरलासुद्धा पुढे आठवलं नाही.

महिन्याभरात ट्रकवाले दारापुढे वेग कमी करायला लागले. एस.टी.तल्या बायका खिडकीतून हात जोडायच्या. कुणी नारळ फोडायचा, कुणी उदबत्ती लावायची. आळीतल्या बायका तर आत्याबाईंना पुढे घालून खण-नारळ घेऊन ओटी भरायलाच आल्या. तात्या काठी घेऊन पायरीवर उभे.

“हितं देव न्हाय! पुडं चला! जखम आसंल तर या, नवस आसंल तर जावा!”

“मग कोन हाय ती?” ट्रकवाले विचारत.

“काच हाय!” तात्या ओरडत. देवी नाही म्हणावं तर कोण ते सांगायला हवं, आणि कोण ते सांगावं तर लाज. जन्मभर अंगाऱ्याशी भांडलेल्या माणसाच्या दारात रोज संध्याकाळी उदबत्त्यांचा धूर, आणि त्याला ठसका! आत्याबाई मात्र काठीला भीक घालत नसत. तात्या जरा पाणी प्यायला आत गेले की त्या खिडकीखाली तांदूळ, खण, नारळ ठेवून मोकळ्या होत. तात्या बाहेर येऊन ते सगळं गोळा करत आणि रागाने त्यांच्या दारात नेऊन ठेवत. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच तांदूळ खिडकीखाली.

हे असं सहा महिने चाललं, आणि मग रस्ता रुंद करायचा हुकूम आला.

ओव्हरसियर टेप घेऊन आले आणि त्यांनी आमच्या रस्त्याकडच्या भिंतीवर चुन्याची फुली मारली. म्हणजे भिंत जाणार आणि भिंतीबरोबर ती काच. काढायला जावं तर तडकणार, न काढावी तर पहारीखाली चुरा. तात्या दोन दिवस जेवले नाहीत. औषधाच्या मापातसुद्धा काही बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी गिरणीचे आबा बातमी घेऊन आले.

“तात्या, देवस्थान आसंल तर रस्ता सरकवत्यात. पलीकडं मोकळं रान पडलंय. सायेब उद्या इचारायला येनार हायती. तुमी निस्तं ‘व्हय’ म्हना. एक शब्द.”

“मी?” तात्या म्हणाले.

“मग कोन? घर तुमचं, खिडकी तुमची.”

ते गेल्यावर तात्यांनी माझ्याकडे बघितलं. मी त्याच आठवड्यात तिसरीच्या मुलींकडून ‘नेहमी खरे बोलावे’ पन्नास वेळा लिहून घेतलं होतं. पण मी म्हटलं, “म्हणा हो, तात्या. एकदाच.” आईनेही मान हलवली. एक शब्द बोलला तर ती राहते, नाही तर तिचं तोंड पुन्हा ह्या जगात कुठे बघायला मिळणार नाही, हे आम्हाला तिघांनाही कळत होतं.

दुसऱ्या दिवशी दुपार कलताना ओव्हरसियर आले. बाहेरून बघून म्हणाले, “ही तर काळी काच आहे. देवी कुठंय?” आबा त्यांना घाईघाईने आत घेऊन आले. खोलीत आम्ही होतो, आळीतल्या बायका ताम्हन, हळदकुंकू, ओटीचं सामान घेऊन दाराशी गोळा झाल्या होत्या. मावळतीचं ऊन खिडकीतून आत आलं होतं. तिच्या लुगड्याचा हिरवा रंग ओव्हरसियरांच्या पांढऱ्या सदऱ्यावर पडला, तशी त्यांनी डोक्यावरची हॅट काढली.

“लई जागृत हाय, सायेब,” आबा म्हणाले.

“तुम्ही नका सांगू. मला घरमालकांचं लिहून न्यायचंय.” त्यांनी वही उघडली. “देवस्थान आहे ना हे? कोणती देवी?”

तात्यांनी खिडकीकडे बघितलं. मग माझ्याकडे. मी जमिनीकडे बघत होते.

“सायेब,” ते म्हणाले, “तीस वरसं औषधं बांदली मी. पान्यात रंग घालून कदी कुनाला दिला न्हाय. ही देवी न्हाय. माजी बायको हाय.”

आबांनी कपाळाला हात लावला. तात्यांना अजून काहीतरी बोलायचं होतं. त्यांच्या पिढीत नवऱ्याने चारचौघांत बायकोचं नाव घ्यायची रीतच नव्हती, आणि तात्या तर एकांतातसुद्धा “ऐकलं का” यापलीकडे गेले नसावेत.

“गजरा,” ते म्हणाले. “गजरा नाव हाय तिचं.”

ओव्हरसियरांनी वही मिटली, हॅट हातातच धरली आणि हळू आवाजात म्हणाले, “मग भिंत पाडावी लागेल, तात्या.”

“पाडा.”

“पंधरा दिवस थांबतो. तेवढ्यात काच काढून घ्या.”

ती काच निघाली का, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे तुमचा जीव टांगणीला राहणार नाही. गवंड्याने चार दिवस चुना कोरला, आळीतल्या आठ बायकांनी खाली वाकळा धरल्या आणि आईने श्वास इतका वेळ रोखून धरला की तिला घेरी आली. काच निघाली. पदराचं एक टोक तेवढं तडकलं. तात्यांनी ते पुन्हा रंगवलं आणि मागे सरकवलेल्या नव्या भिंतीत खिडकी बसली. पुढे माझी बदली झाली, तेव्हा ती तिथेच होती.

पण माझ्या डोळ्यांसमोर उभी राहते ती त्याच दिवसाची संध्याकाळ. ओव्हरसियर गेले, आबा मान हलवत गिरणीत गेले. बायका मात्र हातात खण-नारळ घेऊन दाराशी तशाच उभ्या होत्या. तात्या काठी घेऊन उंबऱ्यात आडवे उभे राहिले.

“आता कळलं नव्हं? देवी न्हाय. जावा घरला.”

“ह्यात कळायचं काय हाय?” आत्याबाई म्हणाल्या. “पयल्या दिवशीच वळखली आमी तिला.”

“वळखली?”

“आरं, तीळ मला इचारलास, बांगडी कासाराला, नाक गिरनीत. आख्ख्या आळीत एकेक तुकडा मागत हिंडलास, आन् आमाला कळंना व्हय?”

तात्यांचा चेहरा पार उतरला. माझाही उतरला, कारण सहा महिने जिवापाड जपलेलं गुपित घराबाहेर कुणालाच ठाऊक नाही अशा समजुतीत मी होते. तात्यांनी काठी जमिनीवर आपटली.

“वळखली व्हती, तर देवी करून ओटी कशापायी भरत व्हता? म्हाताऱ्याची चेष्टा करायला?”

आत्याबाईंनी पदराने तोंड पुसलं. सत्तर वर्षांत ती बाई कुणापुढे अडखळली नसेल, ती अडखळली.

“देवी ट्रकवाले म्हनायचे, तात्या. आमी न्हाय. आमी गजराचीच भरत व्हतो.” त्यांनी नारळ दुसऱ्या हातात घेतला. “तिला पोर न्हवतं. म्हून बारशाला आमी तिला कदी बलावलं न्हाय, डोहाळजेवनाला बलावलं न्हाय. तुज्या दारावरनं ताटं घिऊन जायचो आन् ती उंबऱ्यात उबी ऱ्हाऊन बघत बसायची. या म्हनून कुनी म्हनलं न्हाय. मीबी न्हाय. जितीची भरायची ऱ्हाऊन गेली, म्हून आता भरतोय. तू दारात टाकलीस तरी भरनार.”

मागे उभ्या असलेल्या एकाही बाईने मान वर केली नाही. तात्यांनी काठी भिंतीला टेकवली आणि उंबऱ्यातून बाजूला झाले.

“भरा,” ते म्हणाले. “पर नारळ काचंवर आपटू नका.”